सुरांचें बिऱ्हाड

विद्यार्थिमित्रहो, बिऱ्हाड हलवितांना भांडींकुंडीं कितीहि मोजून भरलीं तरी एखादी वस्तु मागें राहतेच. आम्हांवर नुकताच असा प्रसंग आला. मात्र हलवावयाचें होतें तें घर नव्हे, तर गाणीं.

जालन्याच्या आमच्या शाळेंतील वृंदगायनाचीं गीतें आम्ही कित्येक वर्षें 'फिनाले' नांवाच्या संगणक-प्रणालींत लिहीत आलों. पांच रेघांवर स्वर मांडावे, खालीं मराठी शब्द बसवावे, आणि प्रती छापून मुलांच्या हातीं द्याव्या, असा परिपाठ होता. ता. २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तिच्या अमेरिकन चालकांनीं जाहीर केलें कीं, ३५ वर्षांच्या सेवेनंतर या प्रणालींत यापुढें सुधारणा होणार नाहीं. 'डोरिको' ही दुसरी प्रणाली सवलतीनें घेण्याची सोय त्यांनीं करून दिली. आम्हीं विनामूल्य मिळणारी 'म्यूझस्कोर' पत्करली.

अशा प्रणालींमध्यें 'म्युझिकएक्सएमएल' नांवाची एक सामाईक भाषा आहे. एकींतील गीत त्या भाषेंत उतरविलें कीं दुसरीला तें वाचतां येतें. त्या वाटेनें आमचे स्वर सुखरूप पोंचले. परंतु जुन्या गीतांचे शब्द पाहतों तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ! चूक आमचीच होती. पूर्वीं आम्हीं जे टंक वापरले, त्यांत रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेलीं होतीं. टंक हरवला, तशीं चित्रेंहि गेलीं. युनिकोडमध्यें प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचें घर आहे. तेथें आम्ही उशिरां गेलों.

त्यांतच आमच्या दिवंगत पूर्वसूरींनीं रचलेलें एक निरोपगीत होतें. त्याची छापील प्रत कोठेंहि उरली नव्हती. तेव्हां नववीच्या मुलांनीं युक्ति काढली. ज्या दोन गीतांचे कागद शिल्लक होते, त्यांचे शब्द आणि तो गोंधळ शेजारीं ठेवून त्यांनीं अक्षराला अक्षर जुळविलें व एक कोष्टक केलें. त्याच्या बळावर निरोपगीत उलगडूं लागलें. अखेर एकच शब्द अडला. पहिलें अक्षर 'ओ'. दुसरें कोष्टकांत नव्हतें. 'ओठ' म्हणावें कीं 'ओढ'? दोन्ही चालींत बसत.

पालकसभेच्या दिवशीं, लहानपणीं याच वृंदांत गाइलेल्या एका मातोश्रींना आम्हीं सहज विचारलें. त्यांनीं क्षणभर डोळे मिटले, सारें कडवें हलकेंच गुणगुणलें, आणि म्हणाल्या, "'ओढ' आहे तें, सर." यंत्रांतून गेलेला शब्द कंठांत शाबूत होता.

स्वरलेखनांतील हा घोटाळा आपणांस नवा नाहीं. पं. भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतींत स्वराच्या डोक्यावरील टिंब तारसप्तक दाखवितें, पं. पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतींत तेंच टिंब मंद्र दाखवितें. खूण एकच, अंतर दोन सप्तकांचें! तरी दोघांचेंहि लेखन आज वाचतां येतें, कारण खुणांचा अर्थ कागदावर नोंदलेला आहे.

तेव्हांपासून आम्हीं नियम केला आहे : प्रत्येक गीत सामाईक भाषेंत उतरवावें, कागदावर छापावें, आणि मुलांकडून पाठ करून घ्यावें. पहिल्या दोन गोष्टी आम्ही करूं. तिसरी, मित्रहो, तुम्हांकडे.