गाडीतला घरजावई

या, ओळख करून देतो. हे एसीसाहेब. मुक्काम बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या तळघरात, जुन्या होंडा सिटीत. गाडी कागदोपत्री चार दारांची सेडान. पण दीड लिटरचं व्हीटेक इंजिन आणि १०६ अश्वशक्ती यांच्या जोरावर तिने आपल्याकडच्या कित्येक पोरांची स्पोर्ट्स कारची हौस भागवली. एसीसाहेब तिथले घरजावई. एका खोलीत मावत नाहीत. कॉम्प्रेसर इंजिनाला टेकून, कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात वारा अडवून, इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या मागे, आणि घरभर नळ्यांचा पसारा.

सासुरवाडीची तक्रार एकच, जावई बसून खातो. मराठी घरांत ती पिढीजात आहे. खंडाळ्याचा घाट लागला की मागच्या सीटवरून हुकूम सुटायचा, "एसी बंद कर, गाडी ओढत नाहीये." मग गाडी रडतखडत का होईना वर पोचली, की श्रेय हुकूम देणाऱ्याचं. तक्रार अगदीच खोटी नव्हती. कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाचे दोन-चार घोडे जुंपावे लागतात, आणि लहान इंजिनांकडे मुळात घोडेच मोजके.

घराणं मात्र फार हट्टी. १९३९ मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने एसीवाली गाडी बाजारात आणली, तेव्हा साहेबांच्या पूर्वजांनी डिकीचा मोठा भाग बळकावला होता. थंडी वाजायला लागली तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवायचा! पुढच्या पिढ्यांना क्लच मिळाला. आता बटण दाबलं की नुसती पुली मोकळी फिरते, इंजिनावर भार जवळजवळ राहत नाही. म्हणजे जावयाला घराबाहेर काढायची गरजच नाही, गप्प बसवलं तरी पुरतं. पण शौकिनांना हे पटेल तर शपथ.

त्यांच्या जगात साहेबांची गैरहजेरी मिरवायची असते. २०१० च्या पोर्शे बॉक्स्टर स्पायडरमधून वजन वाचवायला एसी वगळला होता. हवाच असेल तर वेगळे पैसे मोजा. साहेब त्यावर फेरारी एफ४० चा दाखला देतात. १९८७ च्या त्या गाडीत गालिचे नाहीत, रेडिओ नाही, दाराला आतून धड मूठ नाही, पण एसी आहे. इंजिनाच्या धगीत ड्रायव्हर भाजून निघाला असता ना!

आमच्या गाडीचा मालकही असाच शौकीन, मूळचा नागपूरचा. पंचेचाळीस अंशांत वाढलेला माणूस एसी काढा म्हणतो, हे मेस्त्रीने दोनदा विचारून खात्री करून घेतलं. पाठवणीही साधी नसते. नळी सोडून गॅस हवेत उडवून चालत नाही. हा आर-१३४ए नावाचा गॅस ओझोनच्या वाटेला जात नाही, पण किलोला किलो लावलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापवतो. म्हणून तो मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. कॉम्प्रेसर उतरला, तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला पडला, कारण दोघांचा पट्टा एकच. मग आखूड पट्ट्याची शोधाशोध. इव्हॅपोरेटरसाठी तर ग्लोव्हबॉक्स काढून मेस्त्री डॅशबोर्डखाली उताणाच पडला. सगळं मिळून वजन भरलं वीसएक किलो. टाकी अर्धीच ठेवली असती, तरी साधारण तेवढंच वाचलं असतं.

आणि ताकद? बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची आठ-दहा टक्के ताकद इथली विरळ हवाच रोज खाऊन टाकते. घोडे पळवले शहराने, चोरीचा आळ जावयावर. शिवाय उरलेले घोडे दौडवायला रस्ता कुठे आहे? संध्याकाळी इब्लूरच्या चौकातून कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यापर्यंत यायचं, तर दुसरा गिअर पडला तरी सण साजरा करावा.

साहेब काय काम करत होते, ते पहिल्या पावसात कळलं. हवा थंड करता करता ते तिच्यातला ओलावा गाळून गाडीखाली टपकवत, आणि लोक म्हणत गाडी गळतेय. आता काच आतून धूसर होते. खिडकी उघडावी, तर शेजारी पाण्याचा टँकर धूर सोडत उभा. नागपूरहून आलेल्या आईने पदराने वारा घेत विचारलं, "काऊन रे, एसी बिघडला का?"

"नाही आई, मुद्दाम काढला."

"पैसे देऊन?"

तरीही साहेबांना कोणी भंगारात घातलेलं नाही. नळ्यांची तोंडं टेपने बंद करून, नटबोल्ट पिशवीत बांधून ते सन्मानाने खोक्यात बसलेत. कारण गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक व्हीटेकचं नावही न काढता आधी विचारणार, "एसी चिल्ड आहे ना?" मालकाला ते पक्कं ठाऊक आहे. जावई घराबाहेर असला, तरी घराचा भाव अजून तोच ठरवतो.