ब्राउझर सुधारला, काटा अडला

गळीत हंगामात साखर कारखान्याचा वजनकाटा थांबला की काय होतं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. आमच्या काट्याकडे जाणारा स्विचचा पोर्ट ऐन गर्दीत जळाला. शेजारचा पोर्ट रिकामा होता, तो काट्याच्या व्हीएलएएनमध्ये टाकला की झालं. स्विचच्या वेब पानावर दोन टिका, एवढंच काम. आयपी टाकला तर ब्राउझर म्हणे, सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही. पिंग मात्र झकास!

स्विच पंधरा वर्षांचा. त्याला टीएलएस 1.0 च्या पुढचं काही येत नाही. मोठ्या ब्राउझरांनी ती आवृत्ती 2020 पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. आधी इशारा ओलांडून आत शिरता यायचं, पुढे तीही वाट मिटली. आणि शिरलो असतो तरी आत सेटिंगचं पान जावा अ‍ॅप्लेटचं. तो चालवणारे प्लगइन क्रोमने 2015 मध्ये काढून टाकले, फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये. कन्सोल पोर्ट म्हणाल, तर स्वस्तातल्या या मॉडेलला तो नव्हताच.

स्टोअरमध्ये एक्सपीचा एक लॅपटॉप भंगाराच्या यादीत पडून होता. त्यावर पेन ड्राइव्हमधून फायरफॉक्स 52 ची ईएसआर आवृत्ती टाकली. जावा चालवणारी फायरफॉक्सची ती शेवटची. मग जावाच रुसलं: अ‍ॅप्लेटच्या सहीची मुदत कधीच संपलेली. जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अपवादांची यादी असते, तिच्यात स्विचचा पत्ता घातला. एवढ्यात काट्यावरून फोन, "साहेब, रांग फाट्याच्या पुढं गेली की!" करड्या रंगाचं ते पान अखेर उघडलं, टिका केल्या, काटा सुरू झाला.

यात ब्राउझरला दोष देण्यात अर्थ नाही. जुनी टीएलएस कमकुवतच होती आणि जावाचे प्लगइन म्हणजे हल्लेखोरांना आंदणच. राग येतो तो पंधरा वर्षं टिकणारी पेटी विकून तिची चावी दुसऱ्याच्या प्लगइनला बांधणाऱ्यांचा. त्यांचं फर्मवेअर यायचं कधीच थांबलंय. सल्ला एकच मिळतो, नवीन घ्या.

तेव्हा परचेस विभागातल्या मंडळींना विनंती: पुढच्या निविदेत कन्सोल पोर्ट आणि एसएसएच सक्तीचं करा. एसएसएचचेही जुने अल्गोरिदम नवा क्लायंट नाकारतो, पण कमांडमध्ये एक पर्याय जोडला की काम निघतं. कन्सोलला तर ना प्रमाणपत्र लागतं ना ब्राउझर. आणि स्टोअरमधला जुना लॅपटॉप भंगारात काढू नका. फक्त त्याला इंटरनेट जोडू नका, थेट केबलनेच वापरा.