नारळीकरांचे सी-क्षेत्र आणि फुगणारे विश्व

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना कड्यावरचा दगड सुटला, तर तो गडगडत दरीच्या तळाशीच विसावतो. विश्वशास्त्रातील ‘विभव’ समजायला हे चित्र पुरेसे आहे. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी दिशा नसलेली एकच संख्या निगडित असेल, तर ते अदिश क्षेत्र. उदाहरणार्थ, मे महिन्यातील दुपारचे वऱ्हाडभरचे तापमान. त्या संख्येनुसार ऊर्जेचे जे चढउतार होतात, तो विभव.

विश्वाच्या प्रसरणाची धुरा अशा क्षेत्राकडे सोपवणाऱ्यांत एक मराठी नाव बरेच आधी येते. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी होते. हॉईल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्व प्रसरण पावते, पण घनता घटत नाही; त्यासाठी नवे द्रव्य सतत जन्मावे लागते. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय? साठच्या दशकाच्या पूर्वार्धात गुरुशिष्यांनी ‘सी-क्षेत्रा’चे गणित मांडले. हे ऋण ऊर्जेचे अदिश क्षेत्र. द्रव्य जन्मले की क्षेत्राची ऊर्जा तेवढीच खाली जाते, जमाखर्च जुळतो. आणि याच क्षेत्राचा ऋण दाब अवकाश ताणतो.

१९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांना सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेकांनी हा सिद्धांत सोडला. तरीही १९६६ च्या शोधनिबंधात दोघांनी एक विलक्षण शक्यता सुचवली: अतिशय दाट, वेगाने ताणल्या जाणाऱ्या विश्वात सी-क्षेत्र कुठेतरी क्षीण होते, निर्मिती थांबते, आणि तो बुडबुडा म्हणजे आपल्याला दिसणारे विश्व. १९८१ मध्ये अ‍ॅलन गुथ यांनी ‘इन्फ्लेशन’ मांडले, तेव्हा या बुडबुड्याची आठवण फार थोड्यांना झाली. हे विस्मरण खटकण्याजोगे आहे.

म्हणून ‘इन्फ्लेशन मराठी माणसाने शोधले’ असे मात्र म्हणू नये. सी-क्षेत्राला डोंगरदऱ्यांचा विभव नव्हताच. गुथ यांच्या क्षेत्राचे सारे बळ विभवात होते, आणि त्यांचे प्रश्नही निराळे होते. विभवाची ही वाट पुढे स्ट्रिंग थिअरीपर्यंत गेली. तिच्यातील अदृश्य मितींचे आकारमान ठरवणारी अदिश क्षेत्रे कोणत्या दरीत स्थिरावतील, याचे बहुचर्चित उत्तर २००३ मध्ये काच्रू, कॅलॉश व लिंडे यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी दिले. ती दरी सर्वांत खोल नव्हे. अतिप्रदीर्घ काळाने क्षेत्र तिच्यातूनही निसटू शकते. तिच्या वैधतेवर आजही वाद आहे.

नारळीकर अखेरपर्यंत महास्फोटाशी असहमत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुकामध्येच वरुण साहनी आणि ताणू पद्मनाभन यांनी कृष्ण ऊर्जेच्या अदिश क्षेत्रांवर काम केले.