विंध्यगिरीच्या पाषाणाचे दर्शन

श्रवणबेळगोळची यात्रा आमच्या घराला नवी नाही. या वेळी मात्र भूविज्ञान शिकणारी पुतणी बरोबर होती. तिने पादत्राणांबरोबर आपली हातोडीही पायथ्याशी ठेवली आणि फक्त भिंग घेऊन ती विंध्यगिरी चढू लागली.

पायऱ्या डोंगराच्याच पाषाणात कोरलेल्या आहेत. तिने भिंग माझ्या हाती दिले. करडी, काचेसारखी गारगोटी, पांढुरका फेल्स्पार आणि काळ्या अभ्रकाचे चकाकते कण एकमेकांत घट्ट गुंतलेले दिसले. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्हा भूपृष्ठावर लवकर निवून झाला, म्हणून त्याचे कण बारीक. हा ग्रॅनाइट जमिनीत खोलवर अतिशय सावकाश निवला, म्हणून कण डोळ्यांना दिसण्याइतके वाढले. वरचे थर झिजून गेले तेव्हा तो उघडा पडला. अशा अखंड पाषाणातूनच इ. स. ९८१ च्या सुमारास सत्तावन्न फुटी भगवान बाहुबली प्रकटले.

दुसऱ्या दिवशी तिचे नकाशाचे काम भोवतालच्या शिवारात होते. तेथील पट्टेदार नाइस खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. होकायंत्राने पट्ट्यांची दिशा व कल मोजून ती नकाशावर खुणा करी.

मी विचारले, “आपल्या शास्त्रात भूमीतला पाषाण पृथ्वीकायिक जीव मानला आहे. मग तुझ्या हातोडीचे काय?”

ती क्षणभर थांबली. “काका, हा प्रश्न मलाही पडतो. विहीर खणताना निघालेला काडेपेटीएवढा तुकडा मला पुरतो. त्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती केली की प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खनिज ओळखता येते. पण तुकडा त्याच जागेचा आहे याची खात्री हवी.” जिथे ती खात्री नव्हती, तिथे तिने नमुन्याचा रकाना कोराच ठेवला. अपुरी नोंद तिने पत्करली. परंतु खोटी नोंद केली नाही आणि अनावश्यक घावही घातला नाही. आम्हा व्यापाऱ्यांच्या वहीलाही हाच नियम शोभावा.

परतीच्या वाटेवर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर असाच प्राचीन स्फटिकी खडक लागला. भगवंतांच्या चरणांपाशी चावुंडरायाचे नाव प्राचीन मराठीत कोरलेले आहे, एवढाच आपला त्या स्थानाशी संबंध असे मी समजत होतो. आता कळले, की त्या जातीचा पाषाण कोयनाकाठच्या गावांखालीही शांतपणे उभा आहे.