अम्मींची दिल्ली आणि तिकिटाचा हिशेब

आमच्या अब्बांनी तीस वर्षे रत्नागिरीत मुलांना इतिहास शिकवला. दरवर्षी ते वर्गाला थिबा पॅलेस दाखवायला न्यायचे आणि तिथल्या व्हरांड्यात उभे राहून एकच गोष्ट सांगायचे. इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात नेऊन ठेवला आणि ब्रह्मदेशाचा राजा आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला. बहादूरशाह जफर १८६२ साली रंगूनला वारले, थिबा राजा १९१६ साली इथे. "राजाचं घर तर आपण पाहिलं," अब्बा म्हणायचे, "आता बादशहाचं घर पाहायचं राहिलंय."

२०१८ साली आम्ही दोघांनी ठरवले की अम्मी-अब्बांना दिल्ली दाखवायची. दोघांचे वय पाहता जाता-येता विमानच बरे. मुंबई-दिल्ली तिकीट तेव्हा माणशी ३,७०० रुपयांना दिसत होते. कुणीतरी सांगितले, थोडे थांबा, सेल लागेल. आम्ही थांबलो. आठवड्याने तेच तिकीट ४,३०० झाले. माणशी ६०० रुपये, चार माणसे, जाता-येता मिळून ४,८०० रुपये जास्त. आम्ही आणखी थांबलो. भाव आणखी चढला. शेवटी अब्बाच म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षी जाऊ. दिल्ली कुठे पळून चालली आहे?"

पुढच्या वर्षी मुलाचा प्रवेश आला. त्याच्या पुढच्या वर्षी लॉकडाऊन. २०२१ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले.

त्यानंतर घरात दिल्लीचे नाव कुणी काढले नाही. दोन वर्षांनी एकदा अम्मी गुडघ्याला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "आता तर जिनाही चढवत नाही. तेव्हा गेलो असतो तर बरं होतं." त्या रात्री आम्ही पुन्हा मोबाईल आणि कॅलेंडर घेऊन बसलो. या वेळी मात्र हिशेब उलट्या टोकाने सुरू केला. आधी माणूस, मग महिना आणि मग भाव.

महिना ठरवणे वाटते तितके सोपे नाही. एप्रिल ते जून दिल्लीचे ऊन चाळिशीपार जाते. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि घामट हवा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून धुराचा त्रास सुरू होतो आणि अम्मींना दम्याची थोडी तक्रार आहे. डिसेंबर-जानेवारीत तिकिटे कधीकधी स्वस्त दिसतात, पण पहाटेचे धुके पडले की विमाने तासन्‌तास अडकतात. सत्तरीच्या माणसाला विमानतळाच्या खुर्चीवर सहा तास बसवून वाचवलेले पैसे काय कामाचे? राहिला फेब्रुवारीचा मध्य ते मार्च. थंडी सरलेली, ऊन कोवळे, बागांत फुले.

पण आपल्या घरांना आणखी एक कॅलेंडर पाहावे लागते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होता. रमजानच्या रात्री जामा मशिदीच्या भोवतालची रौनक पाहण्यासारखी असते हे खरे, पण गुडघे धरून चालणाऱ्या अम्मींना रोज्यात दिवसभर फिरवणे आमच्या मनाला पटेना. म्हणून फेब्रुवारीचा तिसरा आठवडा पक्का केला. जाण्याच्या दोन महिने आधी तिकिटे पाहायला घेतली.

तेव्हा कळलेल्या काही गोष्टी वाचकांच्याही उपयोगी पडतील.

विमानातल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. थोड्या स्वस्त, त्या संपल्या की पुढचा भाव, मग त्याच्या पुढचा. तीन तिकिटे एकदम शोधली आणि स्वस्तातल्या दोनच उरल्या असतील, तर तिन्ही तिकिटांना महागडा भाव दिसू शकतो. म्हणून आधी एका माणसासाठी शोधून पाहावे, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. आम्ही असेच दोन तिकिटे एकत्र आणि एक वेगळे काढले. मात्र म्हातारे माणूस एकटे पडणार नाही, याची काळजी घ्यावी. अम्मींचे नाव आम्ही आमच्यातल्या एकाबरोबर ठेवले.

दुसरे म्हणजे वार. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी कामाची माणसे धावत असतात, त्यामुळे भाव चढलेला असतो. आम्हाला मंगळवारी जाणे आणि शनिवारी दुपारी परतणे स्वस्त पडले. मोबाईलवर लपून शोधले की भाव कमी दिसतो, असे आमची मुलगी म्हणत होती. करून पाहिले, आम्हाला तरी फरक दिसला नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिकिटाचा भाव म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे. मंगळवारचे पहाटे सव्वापाचचे विमान ४,१०० रुपयांना होते, अकराचे ४,९००. तिघांचे मिळून २,४०० रुपये वाचताना दिसत होते. पण पहाटेच्या विमानासाठी रत्नागिरीहून आदल्या दिवशीच मुंबई गाठावी लागणार, लॉज घ्यावा लागणार, रात्री दोनला उठून टॅक्सी शोधावी लागणार. वर दिल्लीत साडेसातला उतरून खोली दुपारी मिळणार. हिशेब मांडला तर पैसे तेवढेच आणि झोप गेली ती वेगळी. उलट कोकणकन्या पहाटे दादरला सोडते. वेटिंग रूममध्ये फजरची नमाज, चहा-नाश्ता आणि मग आरामात विमानतळ. आम्ही अकराचे तिकीट काढले. येतानाही दुपारचे विमान घेतले, म्हणजे रात्रीची कोकणकन्या मिळते.

तिकीट काढतानाच अम्मींसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली. तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. सामानाचे वजन घरीच काट्यावर पाहिले. तिकिटावर टर्मिनलचा नंबरही नीट वाचावा. मुंबईत सांताक्रूझचे आणि सहारचे टर्मिनल वेगवेगळे आहे, आणि दिल्लीतही टर्मिनल एक बाकीच्यांपासून लांब आहे.

दिल्लीत आम्ही जामा मशिदीजवळच, लिफ्ट असलेल्या लॉजमध्ये उतरलो. चार दिवसांत फार धावपळ केली नाही. सकाळी मटिया महलच्या गल्लीत निहारी, दुपारी आराम, संध्याकाळी थोडे फिरणे. बल्लीमारानमधली गालिबची हवेली पाहिली. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, आम्ही बुधवारी गेलो. गुरुवारी हुमायूनचा मकबरा. १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशाह जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागले. मकबऱ्याचा चौथरा उंच आणि पायऱ्या सरळसोट आहेत. अम्मी खाली बागेतच बसल्या. आम्ही वर जाऊन आलो, तेव्हा त्यांनी विचारले, "बादशहाला इथूनच नेलं का?" हो म्हटल्यावर बराच वेळ त्या घुमटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तुमच्या अब्बांनी मुलांना किती छान सांगितलं असतं."

शुक्रवारी जुम्याची गर्दी ओसरल्यावर आम्ही त्यांना जामा मशिदीत नेले. शाहजहानने बांधून घेतलेली ही मशीद १६५६ साली पूर्ण झाली. मटिया महलच्या बाजूच्या दरवाजाला ३३ पायऱ्या आहेत. आम्ही म्हटले, "अम्मी, खालूनच पाहा." त्या ऐकेनात. दोघांच्या खांद्यावर हात ठेवून, तीनदा थांबून, त्या वर पोचल्या. आत सहनमध्ये भिंतीला टेकून बसल्या आणि अब्बांच्या नावाने फातिहा पढल्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या वेळी किती पैशांसाठी राहिलं होतं रे?"

आम्ही खरे ते सांगितले. चार हजार आठशे.

अम्मी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पैशाची गोष्ट नव्हती. आपल्याला वाटलं, वेळ आहे."

उधळपट्टी आपल्या दीनला मान्य नाही, हे लहानपणापासून शिकलो. काटकसर केलीच पाहिजे, आणि स्वस्त तिकीट शोधण्यात लाज नाही. आम्ही आजही शोधतो. पण आता आधी एक भाव मनाशी ठरवतो. तेवढ्याला मिळाले की काढून मोकळे होतो, पुढे ते उतरले की चढले ते पुन्हा पाहत नाही. तुमच्या घरी कुणी कुठे जायचे म्हणत असेल, तर सेलची वाट पाहण्याआधी त्यांना एकदा जिना चढताना पाहा. तारीख त्यावरून ठरवा. बाकीचे होऊन जाते, इन्शाअल्लाह.