पेन्सिलीतले नऊ

वजनाच्या रजिस्टरवरून बोट फिरवलं की मला कळतं, वजन खरंच घेतलंय की अंदाजाने टाकलंय. ४०, ४५, ४०, ५०, ४२.५. माणसं अशी गोल आकड्यांत थोडीच भरतात! आमच्या एका आरोग्यसेविकेला मी हे दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, काटाच थरथरतो, मग जवळचा धरायचा.’’ तिचंही खोटं नव्हतं. काटा हलत्या शहाबादी फरशीवर ठेवला होता.

टीबीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात परिणाम मोजणं हे माझं काम. ऐकायला भारदस्त आहे, पण निम्मा वेळ काटा सपाट बसलाय ना, चपला काढल्यात ना, हिवाळ्यातला स्वेटर मागच्या वेळीही अंगात होता का, यातच जातो. वजनाचं एवढं कौतुक का, असं नवखी पोरं विचारतात. झारखंडमध्ये २,८०० रुग्णांना पोषण आहार देऊन झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. आता चाळीस किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे दोन किलो. जाड स्वेटर, खिशातला मोबाइल आणि चिखलाने भरलेल्या चपला मिळून त्यातला बराचसा हिस्सा सहज खातात.

म्हणून वजन घेताना मी मागची नोंद घडी घातलेल्या कागदाने झाकायला लावतो. मागचा आकडा दिसला की हात आपोआप त्याच्यापेक्षा थोडा वर जातो. पेशंट सुधारावा असं सगळ्यांनाच वाटतं. ही युक्ती माझी नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची पहिली गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली, १०७ रुग्णांची. तिच्यात एक्स-रे वाचणाऱ्यांना कुठला रुग्ण कुठल्या गटातला हे कळू दिलं नव्हतं. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ४ गेले होते, नुसत्या विश्रांतीच्या गटातले १४. त्या दिवशी वही मिटली असती, तर गोष्ट सुखान्त झाली असती. पण त्यांनी रुग्णांचा माग सोडला नाही. पाच वर्षांनी दोन्ही गटांतले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावले होते. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. किती दिवसांनी मोजायचं, यावरही निकाल ठरतो तो असा.

मोजण्याआधी अंदाज करायचा मोह मात्र मला सुटत नाही. एका अभ्यासात ६० रुग्ण होते. प्रत्येकाची नोंदणी झाली की मी खिशातल्या वहीत पेन्सिलीने एक खूण करायचो : हा उपचार पुरा करणार की मध्येच सोडणार. कुणाच्या तोंडाला दारूचा वास, कुणी भाड्याच्या पैशांवरून कुरकुरलेला, कुणी नजर न देणारा. नऊ जणांपुढे मी ‘सोडणार’ लिहिलं. सहा महिन्यांनी रजिस्टर उघडलं, तर सुटलेले दहा. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. मग नावं जुळवायला बसलो. माझ्या नवांतले फक्त दोन त्या दहांत होते. साठ चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून नऊ उचलल्या असत्या, तरी एक-दोन लागल्याच असत्या. किती सुटतील हे मला कळत होतं, कोण सुटेल हे नाही; आणि दवाखान्यात समोर बसतो तो ‘कोण’च असतो. दारूचा वास येणारा गडी एकही तारीख चुकला नव्हता.

मद्रासला १९५६च्या सुमारास थोरामोठ्यांचेही अंदाज असेच फिरले. गरीब वस्तीतला रुग्ण, खायला अपुरं, खोलीत दाटी. घरी ठेवून तो बरा कसा होणार? तिथे १९३ रुग्णांत घर आणि सॅनेटोरियम यांची सरळ तुलना केली गेली, आणि १९५९ मध्ये निकाल आला की घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले. मला त्या अभ्यासाची खरी भुरळ पडते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. गोळ्या घेतल्या की नाही, हे नुसतं विचारून ते थांबले नाहीत. अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली.

आमच्या सुटलेल्या दहांत बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई होती. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळीनंतर नवऱ्यासोबत टोळीबरोबर गेली, आणि फेब्रुवारीतली शेवटची तपासणी चुकली. माझ्या नऊ खुणांतली ती एक, दोन बरोबर उत्तरांपैकी एक. मार्चअखेर तिची टोळी सांगलीच्या बाजूला सापडली. मी काटा मोटारसायकलवर बांधून नेला. उसाच्या फडाकडेला कोप्या, सपाट जागा कुठेच नाही. शेवटी धुणं धुवायच्या दगडावर काटा बसवला. तिने आतून एक कॅरीबॅग आणली. त्यात रिकाम्या झालेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, एकूण एक जपलेल्या. मधल्या गोळ्या तिने कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून घेतल्या होत्या, फक्त ती नोंद आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

‘‘फेकल्या नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘तुमी मोजता म्हनून ठिवल्या.’’

नोंदणीच्या वेळी ३८.६ होती. दगडावर ४१.३ भरली. दोनदा घेतलं.

परतल्यावर सहकारी म्हणाला, तिचा निकाल बदलू या. पण ठरलेल्या तारखेच्या दोन आठवड्यांत मोजमाप झालं नाही तर ‘सुटली’ धरायची, हा नियम पहिला रुग्ण येण्याआधीच आम्ही लिहून ठेवला होता. एकीला शोधलं म्हणून तिचाच रकाना सुधारायचा, तर उरलेल्या नवांनाही तितकंच शोधायला हवं होतं. ज्यांना शोधून वाईटच बातमी मिळेल त्यांनाही. मी रकाना तसाच ठेवला आणि समासात ४१.३, तारीख आणि ‘मुदतीबाहेर’ असं लिहिलं. मग खिशातली वही काढून तिच्या नावापुढची खूण खोडली. बरोबर उत्तर एकच उरलं.

दुसऱ्या दिवशी यादीतलं पुढचं गाव परांड्याच्या बाजूचं होतं. काटा मोटारसायकलवरून सोडलाच नव्हता.