‘मी’ म्हणजे कोण?

आमच्या आजोबांना फोनवर एकाच गोष्टीचा राग यायचा. त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं आणि पलीकडून ‘मी बोलतोय’ असं आलं, की संपलंच! ‘मी म्हणजे कोण? जगात सगळेच मी असतात. नाव सांगा!’ आणि कुणी लाडात येऊन ‘ओळखा पाहू’ म्हटलं, तर ते सरळ रिसीव्हर खाली ठेवायचे. एकदा त्यांनी असाच खुद्द व्याह्यांचा फोन ठेवून दिला होता. घरात दोन दिवस अबोला! आम्ही नातवंडं मात्र पोट धरून हसायचो.

आजोबांचं म्हणणं मला पटलं ते खूप उशिरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत.

ती खोली म्हणजे आपल्या हॅम रेडिओ क्लबची ‘शॅक’. पुष्कळांना वाटतं तिथे पाण्याच्या टाकीची मोटर असेल. पण वर ती माशाच्या सापळ्यासारखी दिसणारी अँटेना आहे ना, तिच्याखाली बसून आम्ही जगाशी बोलतो. मोबाईल नाही, इंटरनेट नाही, मध्ये टॉवर नाही. आपल्या लहरी वर आयनावरणापर्यंत जातात, तिथून वळून खाली येतात आणि हजारो किलोमीटर दूरच्या कुणाच्या तरी कानात शिरतात. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. पास झालं की परवाना मिळतो आणि त्याच्याबरोबर एक कॉल साइन. आपल्याकडच्या बहुतेक हॅमची कॉल साइन ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होते आणि पुढे त्याची स्वतःची अक्षरं. जगात तशी दुसरी नसते. हवेतलं आपलं नाव म्हणा ना!

तर झालं असं, की त्या वर्षी सीक्यू वर्ल्ड वाइड ही स्पर्धा २६ आणि २७ ऑक्टोबरला आली होती. सीक्यू मासिकाने १९४८ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा हॅम लोकांची पंढरीची वारीच! सलग ४८ तास. जगाच्या घड्याळाने शनिवारी मध्यरात्री सुरू, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा, जास्तीत जास्त देश आणि झोन मिळवायचे. बोलायचं काय? फक्त दोन गोष्टी. सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन नंबर. आपला झोन २२. ‘फाइव्ह नाइन, टू टू’, थँक्यू, पुढचा! हवापाण्याच्या गप्पा नाहीत.

सोमवारी वसुबारस होती. हॉस्टेल ओस पडलं होतं, मेस बंद. मागे राहिलो होतो मी, माझा रूममेट आणि आपल्या क्लबचे काका. काका कॉलेजचे नाहीत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, शहरातले जुने हॅम. नाव कुणी घेत नाही, सगळे काकाच म्हणतात. ते घरून चकल्यांचा डबा घेऊन आले होते.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला दहा मीटरचा बँड उघडला. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र तेव्हा भरात होतं, त्यामुळे युरोप अगदी कोथरूडला असल्यासारखा ऐकू येत होता. मी रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाला, म्हणून रिग ५० वॉटवर ठेवली आणि एक फ्रिक्वेन्सी धरून बोलवायला लागलो. ‘सीक्यू कॉन्टेस्ट...’ पाच मिनिटांत कुणीतरी आमचं नाव आणि फ्रिक्वेन्सी क्लस्टरवर टाकली. क्लस्टर म्हणजे इंटरनेटवरचा फळा. कोण कुठे सापडेल ते तिथे झळकतं. आणि मग अक्षरशः झुंबड! एकावर एक आवाज. त्यात आपला भारत म्हणजे त्यांना एक नवा देश आणि २२ म्हणजे एक नवा झोन, दोन्ही गुणक एका फटक्यात. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी रांग लागली होती हो! एरवी मी कॅन्टीनच्या रांगेत शेवटचा.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हटलं, दर संपर्कानंतर आपण कॉल साइन पूर्ण म्हणतो, त्याला तीन सेकंद लागतात. तासाला १२० संपर्क धरले तर ३६० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं. सहा मिनिटांत आणखी १२ जण होतात! आणि हे सगळे क्लस्टर बघूनच आलेत, त्यांना माझं नाव समोर दिसतंयच की. मग मी कॉल साइन म्हणणं सोडूनच दिलं. ‘थँक्यू, क्यूआरझेड?’ एवढंच. क्यूआरझेडचा अर्थ ‘मला कोण बोलावतंय?’ असा आहे. मी कोण, ते त्यात कुठेच नाही. पण वेग वाढला होता. रूममेटने मॉनिटरवरचा आकडा दाखवून अंगठा वर केला.

त्या गर्दीत एक बारीक आवाज येत होता. सगळे थांबले की मध्येच, ‘युवर कॉल प्लीज?’ मी दुसऱ्या मोठ्या आवाजाला घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा, ‘युवर कॉल प्लीज?’ मनात म्हटलं, अरे बाबा, क्लस्टर बघ ना! तिसऱ्यांदाही आला. मी ‘क्यूआरझेड’ म्हणून त्याच्यावरून बोललो. नंतर तो आला नाही.

काका दुसरा हेडफोन लावून ऐकत होते. त्यांनी हेडफोन काढला, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “बँड बदल. पंधरा मीटरवर जा.”

“काका, आत्ता? रेट बघा ना!”

“बघितला. बदल.”

नाइलाजाने बदलला. मग त्यांनी हात लांब करून क्लस्टरची खिडकी बंद केली. “आता नुसत्या कानाने शोध. या स्पर्धेत एकट्याने, क्लस्टरशिवाय खेळणाऱ्यांचा वेगळा गट असतो. त्यांना ती खिडकी बघायचीच परवानगी नसते. अर्धा तास तसा खेळून बघ.”

मी डायल फिरवायला लागलो. एक दमदार स्टेशन लागलं, भोवती ही गर्दी! म्हटलं, कुणीतरी दुर्मिळ दिसतंय. थांबलो. तो एकेकाला घेत होता. ‘थँक्यू, क्यूआरझेड?’ पुढचा. ‘थँक्यू, क्यूआरझेड?’ पुढचा. नाव सांगेना! अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. सोडून पुढे जावं तर वाटायचं, आत्ता सांगेल. न सोडावं तर वेळ चाललाय. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी स्वारीने एकदाचं नाव सांगितलं. मी टाइप केलं आणि सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत दाखवलं, की हा तर सकाळी याच बँडवर होऊन गेलाय! पुन्हा घेतला तर गुण शून्य.

मी अस्सल मराठीत एक शब्द उच्चारला. तो इथे छापता येणार नाही.

काका हसले नाहीत. “तुझ्यासाठी दुपारी किती जण थांबले असतील?”

“वीसेक तरी.”

“प्रत्येकाचं एक-एक मिनिट धर.”

वीस मिनिटं. माझ्या गणितात हे वीस जण नव्हतेच. मी फक्त माझे सेकंद मोजले होते.

मग काकांनी नियम सांगितला. ठाण मांडून बोलावणाऱ्या स्टेशनाने मिनिटाभरात आपली ओळख दिली पाहिजे, असं या स्पर्धेच्या नियमांत आहे. न देणं हे अखिलाडू वर्तन धरतात. अमेरिकेच्या कायद्यात मर्यादा आहे ती दर दहा मिनिटांनी आणि बोलणं संपताना. आंतरराष्ट्रीय नियमावली तर हौशी स्टेशनांनी थोड्या थोड्या वेळाने कॉल साइन द्यावी असं म्हणते. “कायदा दहा मिनिटं देतो म्हणून दहा मिनिटं गप्प बसायचं नसतं,” काका म्हणाले. “दहा मिनिटांत तुझ्याकडे वीस माणसं येऊन जातात. शेवटची दोन अक्षरं सांगूनही भागत नाही. पूर्ण नाव, प्रत्येक वेळी. फारच गर्दी असली तर दोन-तीन संपर्कांनंतर. त्याच्या पलीकडे नाही.”

मी जरा वाद घातला. शेवटी ही एक स्पर्धाच ना, खेळच ना? तेव्हा त्यांनी डिसेंबर २००४ ची गोष्ट सांगितली. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानला पोर्ट ब्लेअरमध्ये होते. तिथून जगभरातल्या हॅमशी असेच भराभर संपर्क चालले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. त्याच रेडिओवरून मग लोकांची खुशाली आणि मदतीचे निरोप जायला लागले. “सवय आयत्या वेळी लागत नाही रे,” काका म्हणाले. “एका फ्रिक्वेन्सीवर दहा माणसं घाबरून बोलत असतात. कोण बोलतंय हेच कळलं नाही, तर मदत पाठवायची कुणाकडे?”

त्या रात्री रूममेट रेडिओवर बसला आणि मी कोपऱ्यात दुपारचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. आमचा कॉम्प्युटर स्पर्धेतलं सगळं बोलणं रेकॉर्ड करतो. तो बारीक आवाज मी पुन्हा लावला. आता शांतपणे ऐकल्यावर कळलं. तो नुसतं ‘युवर कॉल प्लीज’ म्हणत नव्हता. त्याच्या आधी दर वेळी स्वतःची पूर्ण कॉल साइन सांगत होता. तिन्ही वेळा, एकेक अक्षर सुटं करून. आणि तिसऱ्या वेळी पुढे जोडलं होतं, ‘फाइव्ह वॉट्स’. पाच वॉट! आपल्या हॉस्टेलच्या जिन्यातला दिवासुद्धा याहून जास्त घेतो. तेवढ्या जोरावर हा माणूस युरोपातून आपल्या गच्चीपर्यंत पोचला होता. भारत ऐकतोय हे त्याला कळलंही नसेल. त्याने मला तीनदा आपलं नाव सांगितलं आणि मी एकदाही माझं सांगितलं नाही.

रविवारभर मी प्रत्येक संपर्कानंतर कॉल साइन म्हटली. घसा बसला. गंमत म्हणजे वेग फारसा पडलाच नाही. ‘युवर कॉल?’ असं विचारणारे थांबले, आणि एकदा होऊन गेलेले पुन्हा चुकून येणारे कमी झाले. दहा मीटरवर मी त्या आवाजाची वाट बघत होतो. सोमवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा संपली तरी तो आला नाही.

काही महिन्यांनी आमच्या लॉगचा तपासणी अहवाल आला. त्यात एक यादी असते, तुमची कॉल साइन चुकीची लिहून घेतलेल्या स्टेशनांची. ती मी वेळेनुसार लावून बघितली. त्यातले बहुतेक शनिवारी दुपारचे, माझ्या त्या ‘हुशारी’च्या तासातले. कुणी एक अक्षर चुकवलं होतं, कुणी दोन. आणि नियम असा, की नाव चुकीचं लिहिणाऱ्याचा संपर्क रद्द होतो, वर दंड म्हणून आणखी गुण कापले जातात. माझा एकही गुण गेला नव्हता. नाव सांगितलं नाही मी, आणि दंड भरला त्यांनी! परीक्षेत मी कॉपी करावी आणि शेजारच्याला डीबार करावं, तसलाच प्रकार. आमचा निकाल बरा होता. पण तो कागद मी नोटिस बोर्डवर लावू शकलो नाही.

पाच वॉटवाल्याला मी क्लबचं कार्ड पाठवलं. अशा कार्डावर संपर्काची तारीख, वेळ, बँड लिहायचे रकाने असतात. ते मी रिकामेच ठेवले, कारण संपर्क झालाच नव्हता. खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, की तुम्ही विचारत होतात ते स्टेशन आमचं होतं. आणि प्रथमच कागदावर आमची पूर्ण कॉल साइन मोठ्या अक्षरांत, गिरवून गिरवून लिहिली. उत्तर आलं नाही.

आता क्लबमध्ये नवीन एफईची पोरं येतात. वेगाच्या नादात त्यातलं कुणीतरी नुसतं ‘क्यूआरझेड’ म्हणायला लागतंच. मी हेडफोन काढतो, बँड बदलायला सांगतो आणि क्लस्टरची खिडकी बंद करतो. चकल्या मात्र अजून काकांच्याच घरून येतात.

आजोबा आता नाहीत. घरी फोन केला आणि आईने उचलला, तरी मी अजून आधी नाव सांगतो. आई म्हणते, “अरे, मला काय कळत नाही का तू आहेस ते?” कळतं गं. तरी सांगतो.